हाडातून आवाज आणि कारागिराचे कान

कानात न घालता कानापुढच्या हाडावर टेकवून फोनवर बोलायचे यंत्र आता आपल्याकडेही मिळू लागले आहे. त्याला ‘बोन कंडक्शन’ म्हणतात. बहिऱ्यालाही यातून ऐकू येते, असे सांगणारे भेटतात. व्यापारी बांधवांनी हा माल पारखूनच घ्यावा, असे आमचे मत आहे.

तत्त्व जुनेच आहे. दोन्ही कान बोटांनी बंद करून फुटाणे चावून पाहा. आवाज मोठा येतो, कारण तो कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात पोहोचतो. दातांत धरून ऐकायच्या पंख्याचे पेटंट अमेरिकेत रिचर्ड ऱ्होड्स यांनी १८७९ सालीच घेतले होते.

ज्याच्या कानाचा पडदा फाटला आहे पण आतला कान शाबूत आहे, त्याला हाडाची वाट उपयोगी पडते. परंतु जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये, मागावर उमर घालवलेल्या कारागिराचा आतला कानच झिजलेला असतो. आवाज कोणत्याही वाटेने गेला तरी शेवटी तिथेच जातो. सूतच कुजलेले असेल तर वरून रंग चढवून कापड टिकत नाही, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी शिकवायला नको. म्हणून पैसे मोजण्याआधी सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्यावेत.

दुसरी गोष्ट. यात कान उघडे राहतात, म्हणून यंत्राच्या खडखडाटापासून काडीचेही रक्षण होत नाही. कानात बोळे घालून वर हे यंत्र लावले, तर गोंगाट अडतो आणि बोलणेही ऐकू येते. यंत्र महाग वाटले तर निदान बोळे तरी द्या; ते चहाच्या एका फेरीच्या खर्चात येतात.

आवाजाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत होते. तरी आपल्या छोट्या कारखान्यांतून त्याची विचारपूस कोण करतो? २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. तिथे काम वाढेल तसा गोंगाटही वाढेल.

आपण मजुरी वेळेवर देतो आणि त्यालाच हक्क अदा झाला असे समजतो. पण कारागिराचे कान ही मालकाजवळची अमानत आहे. गेलेले कान कोणत्याही बाजारात मिळत नाहीत.