सासूबाईंची फाईल आणि ‘धर्मा’चा रफार



पर्युषणासाठी सासूबाईंनी कधीकाळी कृतिदेव फाँटात टाईप करून घेतलेली स्तवनांची फाईल परवा आमच्या जासईच्या घरी उघडली. जिथे ‘जैन’ हवं तिथे टी, मोठा एस आणि यू! मंडळातली एक म्हणाली, ‘‘खराब झालीय, टाकून द्या.’’

मला हे अजिबात पटत नाही. अक्षरं कुठे गेलेली नाहीत. कृतिदेव इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवतो; फाँट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीला स्वतःच्या 128 जागा दिल्या आहेत.

ब्राउझरमधली छोटी जावास्क्रिप्ट हे बदलून देते. पण एकाला एक अक्षर बदलून भागत नाही. कृतिदेवमध्ये ‘दि’ची वेलांटी आधी, युनिकोडमध्ये द नंतर. ‘धर्म’चा रफार तिकडे म नंतर, इकडे म आधी. मी पहिल्यांदा वापरलेल्या स्क्रिप्टला हे ठाऊकच नव्हतं, तिने सगळीकडे ‘धमर्’ करून ठेवलं!

तरी पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकण्यापेक्षा रूपांतरच करा. फोटोत शब्द सहज शोधता येत नाही. मूळ फाईल जपून ठेवा, आणि ज्यांना स्तवनं पाठ आहेत त्यांच्यासमोर नवी प्रत मोठ्याने वाचा. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकता ऐकता तीन चुका पकडल्या. त्यातली एक तर जुन्या फाईलमध्येच होती.