नवागतांची शिकार

ऑनलाइन गोळीबाराचे खेळ हा अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, असे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस वाटेल. परंतु वयात आलेला मुलगा ज्या घरात आहे, त्या घरात रात्री दार लावून हे खेळ चालतात. २०१९ साली 'पब्जी'वर निर्बंध घालण्याची भाषा गोव्यातही झाली होती. हे खेळ चांगले की वाईट, ही चर्चा पुष्कळ झाली; त्यांत प्रथमच पाऊल टाकणाऱ्याचे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

नवखा मुलगा मैदानात उतरतो. नकाशा त्याच्या ओळखीचा नसतो, कोणत्या कोपऱ्यावर नजर रोखावयाची हे ठाऊक नसते. कोठून तरी गोळी येते व तो पडतो. काही क्षणांनी उठतो, दहा पावले जातो, पुन्हा पडतो. आपण का पडलो हेच न कळल्यामुळे तो पडून काही शिकतही नाही. वर हेडफोनमधून स्वपक्षाचेच गडी त्याच्या आईबहिणीचा उद्धार करीत असतात! चार दिवसांत तो निघून जातो, आणि गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कंपन्यांच्या मात्र लक्षात येते, कारण त्यांचा व्यापार गर्दीवर चालतो. म्हणून बरोबरीच्यांशीच बरोबरीच्यांची गाठ घालून देण्याची युक्ती निघाली. बुद्धिबळपटूंसाठी अर्पाद एलो यांनी बसविलेले गुणांकन 'फिडे'ने १९७० साली स्वीकारले. तीच कल्पना पुढे या खेळांत आली. कसलेल्या खेळाडूंचा तिच्यावर राग आहे. प्रत्येक डाव अटीतटीचा होतो, दिवसभराच्या कामानंतर दोन घटका सैलपणे खेळण्याची सोयच उरत नाही, ही त्यांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही.

तथापि 'कॉल ऑफ ड्यूटी' काढणाऱ्या ॲक्टिव्हिजन कंपनीने २०२४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या वादात निर्णायक वाटतो. उत्तर अमेरिकेतील काही खेळाडूंपुरते, त्यांना न सांगता, गाठ घालताना कौशल्याला दिलेले वजन कमी करण्यात आले. ९० टक्के खेळाडूंच्या बाबतीत खेळाकडे परत येण्याचे प्रमाण घटले. वाढले ते फक्त सर्वांत वरच्या १० टक्क्यांत. म्हणजे थोड्यांची करमणूक बाकीच्या सर्वांच्या जिवावर चालली होती. तळाचे निघून गेले की त्यांच्या वरचे तळाला येतात, मग त्यांची पाळी. शेवटी शिकारीच तेवढे उरतात आणि एकमेकांस पुरे पडत नाहीत.

यावर काहींनी दुसरी युक्ती काढली. 'फोर्टनाइट'ने २०१९ साली माणसांबरोबर 'बॉट', म्हणजे यंत्राने चालविलेली बाहुली, मैदानात सोडली. नवख्याच्या वाट्याला ती अधिक येतात. त्याला जिंकल्याचा आनंद मिळतो खरा, पण कोणावर जिंकलो हे त्याला नीट ठाऊक नसते, आणि खरी माणसे समोर आली की पहिल्या दिवसाचीच फजिती पुन्हा सुरू होते. उलट, मुरलेले काही खेळाडू नवे खाते उघडून मुद्दाम तळाला उतरतात व नवख्यांना झोडपतात. याला 'स्मर्फिंग' म्हणतात. आम्ही याला भ्याडपणा म्हणतो.

पूर्वी हे असे नव्हते. 'काउंटर-स्ट्राइक' १९९९ मध्ये निघाला तेव्हा खेळाडू आपला सर्व्हर आपण निवडीत. तेथे रोज तीच नावे भेटत, आणि सर्व्हर चालविणारा उद्धटाला बाहेर काढी. आपल्याकडील सायबर कॅफेंत तर खेळणारे खांद्याला खांदा लावून बसत. शेजारचा मुलगा हसे, चिडवी, आणि मग हात पुढे करून कोणती कळ दाबावयाची ते दाखवी. भजनात नव्या पोराच्या हाती आधी टाळ देतात, पखवाजाकडे तो पुढे वळतो. तशातलाच हा प्रकार होता. गुणांकनाच्या यंत्राने नवख्याला समान प्रतिस्पर्धी दिला, पण डाव संपताच दहाही जण पांगतात व पुन्हा भेटत नाहीत. उद्या भेटावयाचेच नसेल, तर आज जीभ आवरण्याचे कारण तरी काय?

'ओव्हरवॉच'ने २०१८ साली, डाव संपल्यावर सोबत्याच्या चांगल्या वागणुकीची पावती देण्याची सोय केली. पाऊल योग्य होते, परंतु तेवढ्याने भागत नाही. बंदुकीच्या रंगरंगोटीवर एवढा पैसा मिळविणाऱ्या कंपन्यांनी तीच रंगरंगोटी, नवख्याला सोबत घेऊन दहा डाव खेळणाऱ्या जुन्या खेळाडूस बक्षीस म्हणून द्यावी. लोकांनी आपापले सर्व्हर चालविण्याची मुभा जेथे काढून घेतली आहे, तेथे ती परत द्यावी. खोटी खाती पकडण्यास तर आजच आरंभ करता येईल. आणि शिवीगाळ सहन न होणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलास 'आवाज बंद कर' एवढेच सांगून मोकळे होणे सोडावे. आवाज बंद केला की शिव्यांबरोबर, त्याला मार्ग दाखवू पाहणारा एखादा सोबतीही ऐकू येईनासा होतो.