विसरभोळेपणाला वयच कारण असतं का?

गेल्या श्रावणातली गोष्ट. सासूबाईंनी आमटीत दोनदा मीठ घातलं. मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "आई, आत्ताच तर घातलंत ना!" त्या गप्प झाल्या. मग दूधवाल्याला दोनदा पैसे दिले, चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला, शेजारच्या वहिनींचं नाव आठवेना. "सत्तरी उलटली, चालायचंच," असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला मात्र धास्ती वाटत होती. त्यांच्या थोरल्या बहिणीला अल्झायमर झाला होता. शेवटी शेवटी मावशींनी पोटच्या मुलालाही ओळखलं नव्हतं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. विसरायचं डोक्यानं, मग रक्त कशाला? त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्श्याइतकं. पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जी शक्ती खर्च करतं, तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्याचा हा शिधा रक्तातूनच येतो. रक्तातली साखर फार चढली-उतरली, सोडियम कमी झालं, थायरॉइडचं काम मंदावलं किंवा बी-१२ जीवनसत्त्व घटलं, तर स्मरणशक्ती अडखळू शकते. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन नावाचा पदार्थ रक्तात वाढतो. अल्झायमरच्या बऱ्याच रुग्णांतही तो वाढलेला आढळतो. पण म्हणून बी-१२ घेतल्यानं अल्झायमर बरा होतो, असं मात्र नाही हं!

सासूबाईंचं बी-१२ फारच कमी निघालं. ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, धान्य-भाज्यांतून नाही. आमच्या सासूबाई पक्क्या शाकाहारी. दूध चहापुरतं, दही "सर्दी होते" म्हणून बंद. त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी कित्येक वर्षं चालू. तिच्यामुळेही बी-१२ घटू शकतं. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. इंजेक्शनं सुरू झाली. सगळं पूर्वीसारखं झालं नाही, पण संक्रांतीला गूळपोळीचं प्रमाण त्यांनी मला न अडखळता सांगितलं!

मावशींचे हे रिपोर्ट मात्र चांगले आले होते. म्हणून रिपोर्ट चांगले येऊनही विसरणं वाढत असेल, तर तिथंच थांबू नका, मेंदूच्या तज्ज्ञांना दाखवा. अल्झायमरची खूण रक्तात शोधणारी तपासणीही आता निघाली आहे. २०२५ साली अमेरिकेत अशा पहिल्या तपासणीला परवानगी मिळाली. पण ती पंचावन्न वर्षांवरच्या, लक्षणं दिसणाऱ्या माणसांसाठी आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यानंच. धडधाकट माणसानं हौसेनं करून घ्यायची ती नव्हे.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घ्या. काय विसरतात, कधीपासून, हे कागदावर लिहून न्या. त्यांच्यादेखत सांगायला आपल्यालाच अवघड वाटतं.

आमटीच्या दिवशीचा माझा तो फणकारा मला अजून बोचतो. तुमच्या घरी कुणी दोनदा मीठ घातलं, तर रागावण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या.