फार्व्हला कुणी हाकललं?

आमचा विस्कॉन्सिनवासी भाचा अजून चिडतो: ग्रीन बे पॅकर्सनी 2008 मध्ये ब्रेट फार्व्हला हाकललं! हाकललं कसलं? मार्चमध्ये डोळे पुसत निवृत्ती त्यानेच जाहीर केली. जुलैत म्हणे परत यायचंय, तेही बाकावर बसायला नव्हे! मग 3 वर्षं बाकावर काढलेल्या अ‍ॅरन रॉजर्सने काय करायचं, पाणी वाटायचं? पॅकर्सनी रॉजर्सलाच क्वार्टरबॅक ठेवलं, फार्व्हला ऑगस्टमध्ये जेट्सकडे धाडलं. त्या मोसमात 6 जिंकले, 10 हरले, भाचा खूश. 2011 च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकल्यावर गप्प. पण मी म्हणते, करंडक आला नसता तरी निर्णय बरोबरच होता. रॉजर्सवर भिस्त ठेवून केलेली तयारी कुणाच्या मनात आलं म्हणून गुंडाळायची?

(भाच्या, वाचलंस तर फोन कर. ओरडू नकोस.)