यंत्राचे भोक्ते कीं यंत्राचे जाणते?

गेल्या महिन्यांत आमच्या एका विद्वान स्नेह्यांच्या घरीं त्यांच्याच चिरंजिवांचा न्याय झाला. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अपराध इतकाच कीं, चार महिने जेवणाचें टेबल अडवून तो स्वतःच्या हातानें एक संगणक बांधीत बसला. आणि तोहि कसला, तर ज्याच्या स्मृतींत अवघे १६ बाइट मावतात असा! "खिशांतला फोन याच्या कोट्यवधि पट शहाणा असतां हा जुनाट पोरखेळ कशाला?" असा वडिलांचा सवाल. हा सवाल एकट्या त्यांचा नाहीं, आपल्या सबंध सुशिक्षित वर्गाचा आहे. म्हणूनच त्याचें उत्तर चारचौघांत देणें मला अवश्य वाटतें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. अल्बर्ट माल्विनो यांनीं १९७७ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत, शिकणाऱ्यांसाठीं 'शक्य तितका साधा' अशा संगणकाची रचना दिली. पुढें बेन ईटर या अमेरिकन गृहस्थांनीं तिच्या आधारानें ब्रेडबोर्डावर असा संगणक बांधून दाखविला, आणि देशोदेशींचे हौशी लोक त्या नादीं लागले. यांत एक चिप मोजते, दुसरी बेरीज करते, तिसरी आंकडा धरून ठेवते. सर्वांना जोडणारा आठ तारांचा एक सामाईक मार्ग असतो. त्यावर एका वेळीं एकानेंच बोलावें, हा नियम. आज्ञेचे बिट आठ. चार बिट काय करावयाचें तें सांगतात, उरलेले चार कोठल्या घरांतला आंकडा घ्यावयाचा तें सांगतात. चार बिटांत सोळाच पत्ते मावतात, म्हणून घरें सोळा. झांकलेलें असें येथें कांहींच नाहीं.

वडिलांनीं परीक्षेसाठीं २०० आणि १०० यांची बेरीज घातली. यंत्रानें ४४ दाखविले. वडील हंसले. मुलगा शांतपणें म्हणाला, "बाबा, आठ बिटांत २५५ च्या पुढें जागा नाहीं. २५६ वाहून गेले, ४४ उरले." हसण्यासारखें यांत काय आहे? ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियान-५ हें अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत मिनिटभराच्या आंत नष्ट झालें, तें १६ बिटांत न मावणारा आंकडा तेथें कोंबला गेल्यामुळें. जी गोष्ट त्या जाणत्यांच्या नजरेंतून निसटली, ती या पोराला टेबलावर दिसली.

"पाणी पिण्यासाठीं प्रत्येकानें विहीर खणावी काय?" असें कोणी विचारील. मुळींच नको. पण जो विहिरी खणण्याचीच विद्या शिकावयास निघाला, त्यानें एकदांहि कुदळ हातीं धरूं नये काय? आमचे पदवीधर संगणकाच्या रचनेवर दहा पानें लिहितात. पण जोडावयाची राहिलेली एक तार बेरजेला कशी लहर आणते, तें त्यांना ठाऊक नसतें. या मुलानें त्या एका तारेपायीं तीन रात्री घालविल्या. त्या मीं वायां गेल्या असें मानीत नाहीं.

खरें दुखणें निराळेंच आहे. आमच्या पांढरपेशा घरांत लेखणी सोंवळ्यांत आणि पकड ओंवळ्यांत! हें सोंवळें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील तरुणांनीं पाळलें असतें, तर १९६० सालीं पुरा झालेला टिफ्रॅक हा संगणक आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं या देशांत बांधलाच गेला नसता. तोहि आजच्या फोनापुढें खुळाच ठरेल. पण बांधणारे त्यांतून जाणते झाले.

एक मात्र कबूल केलें पाहिजे. चित्र पाहून तारा खोंचल्या, दिवे लुकलुकले आणि समाधान झालें, तर तीहि घोकंपट्टीच, फक्त हातांची. चुकलें कोठें तें स्वतः शोधलें, तरच तें शिक्षण.

तेव्हां आमच्या स्नेह्यांना विनंति एवढीच : आणखी महिनाभर जेवणाचीं पानें जमिनीवर मांडावीं. मुलाला आतां वजाबाकी जोडावयाची आहे.