अंथरूण कोणी दाखवावे?

अंथरूण पाहून पाय पसरावेत हा उपदेश आपल्या समाजात जितक्या वेळा केला जातो तितक्या वेळा दुसरा कोणताही केला जात नसेल, आणि तो ज्या कानांना ऐकावा लागतो ते कान बहुधा स्त्रियांचेच असतात. महागाई वाढली, दुकान बसले, नोकरी सुटली, मुलाच्या शिक्षणापायी कर्ज झाले, की घरातील कर्ता पुरुष प्रथम स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहतो आणि खर्च आवरण्याची आज्ञा करतो. कीर्तनात हेच, व्याख्यानात हेच, आणि वर्तमानपत्रांनी स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या रकान्यांतही हेच. उपदेश खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, जिला पाय आखडायला सांगता तिला अंथरूण किती लांबीचे आहे हे कोणी कधी दाखविले आहे काय?

आमच्या वाचकांत व्यापारी गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांना ही गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगता येईल. ज्या मुनीमाला रोजकीर्द पाहता येत नाही, खतावणी उघडता येत नाही, घेणेकरी कोण हे ठाऊक नाही, त्याला 'दुकानाचा खर्च प्राप्तीच्या आत ठेव' असे सांगणारा शेठ आम्ही अद्याप पाहिला नाही. घरात मात्र नेमके हेच चालते. दूधवाल्याचे किती, वाण्याचे किती, शिकवणीचे किती, हे गृहिणीला पैशापर्यंत पाठ असते. परंतु नवऱ्याचे वेतन किंवा दुकानाची वर्षाची प्राप्ती किती, राहते घर गहाण आहे की मोकळे, हातउसने कोणाकडून आणले, हे विचारले तर "ते त्यांना माहीत" एवढेच उत्तर मिळते. पुढे ते 'माहीत असणारे' अकस्मात गेले म्हणजे दिवसकार्य आटोपल्यावर हीच बाई कागदांचे गाठोडे घेऊन वकिलाकडे येते, आणि आपल्या संसाराचे देणे किती होते हे तिला परक्या माणसाच्या तोंडून प्रथम कळते. वकिली करणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नाही.

मौज अशी की, जमाखर्च दाखवा ही मागणी आपण राष्ट्र या नात्याने फार आवेशाने केलेली आहे. नामदार गोखले यांनी १९०२ पासून कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर जी भाषणे केली, त्यांचा रोख हाच होता की, ज्यांच्या घामातून तिजोरी भरते त्यांच्यासमोर तिचा हिशेब उघडा झाला पाहिजे आणि खर्चात त्यांचे मत चालले पाहिजे. सरकारच्या दारात आपण जे मागितले ते आपल्या माजघरात द्यायला आपण तयार नाही. सरकार तरी वर्षातून एकदा अंदाजपत्रक मांडते.

कोणी म्हणेल, बायकांना हिशेबातले काय कळते? असे म्हणणाऱ्याने आपल्याच आळीतील भिशी एकदा लक्ष देऊन पाहावी. बारा बायका दरमहा ५०० रुपये काढतात, ६,००० रुपये एकीच्या हाती पडतात, आणि वर्षभरात प्रत्येकीची पाळी येते. व्याज नाही, स्टॅम्प नाही, जामीन नाही. जिला पैसा आधी मिळाला तिला बिनव्याजी कर्ज मिळाले, जिला शेवटी मिळाला तिची बिनव्याजी बचत झाली. आणि एखादीच्या घरी आजारपण निघाले तर बाकीच्या आपली पाळी मागे सारून तिला पुढे करतात. हा सारा व्यवहार एका शाळकरी वहीच्या दोन पानांवर चालतो. त्यात धोका नाही असे नव्हे. भिशी चालविणारीच पसार झाली तर हातात पावती नसते. पण हिशेब कळत नाही हा आरोप येथे टिकत नाही. माणदेशातील म्हसवड गावी चेतना गाला सिन्हा यांनी ग्रामीण स्त्रियांची सहकारी बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. त्या बायका नाउमेद न होता लिहावयास शिकल्या, आणि १९९७ साली माणदेशी बँक उभी राहिली.

खरे पाहता बायका पैसा साठवतात हे घरोघर ठाऊक आहे. फक्त तो कोठे साठवतात हे ठाऊक नसते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, आणि पुढच्या आठवड्यात तांदळाच्या डब्यांतून, देव्हाऱ्यामागून, जुन्या लुगड्यांच्या घड्यांतून ज्या नोटा बाहेर आल्या त्यांची त्या वेळी पुरुषमंडळींत पुष्कळ थट्टा झाली. आम्हाला त्यात थट्टेचे काही दिसले नाही. जो पैसा उघड झाला की खर्च होतो किंवा काढून घेतला जातो, तो लपविल्यावाचून राखता येत नाही, एवढाच त्या डब्यांचा अर्थ होता. दोघांनी एकमेकांपासून पैसा लपवावयाचा, एकाने कर्ज लपवावयाचे आणि दुसरीने बचत लपवावयाची, आणि याला संसार म्हणावयाचे!

आता काटकसरीच्या गुणाविषयी. काटकसरीलाही भांडवल लागते ही गोष्ट उपदेशकांच्या ध्यानात येत नाही. ज्या घरात चैत्र-वैशाखात चार पैसे एकदम हाती असतात ते घर गहू, तूरडाळ, मिरची, हळद सुगीच्या भावाने वर्षाची भरून ठेवते. पापड, कुरडया, सांडगे उन्हात वाळतात, आणि पावसाळ्यात भाज्या कडाडल्या तरी त्या घरची गृहिणी घाबरत नाही. या बेगमीचे कौतुक आपण 'सुगरणपणा' म्हणून करतो. पण जिच्या हाती आठवड्याची मजुरी आठवड्याला पडते ती तीच डाळ पाव किलोच्या पुडीने वर्षभर चढ्या भावाने आणते, आणि तिलाच आपण उधळी म्हणतो. गरिबाला स्वस्त घेणे परवडत नाही, हे आमच्या वाणी वाचकांना आम्ही सांगावयास नको. रोज त्यांच्या गल्ल्यावर ते दिसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या गिरणगावात घडले. घाटावरून आणि कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार ज्यांच्या हातचे दोन वेळा जेवत त्या खाणावळवाल्या बायकांपैकी कित्येकींचे नवरे बेकार किंवा व्यसनी होते. कामगार महिन्याच्या पगारावर जेवणाचे पैसे देणार. तोवर पीठ, तांदूळ, तेल वाण्याकडून उधारीने आणावयाचे, आणि उधारी तुंबली की अंगावरचे मणी-डोरले गहाण टाकावयाचे. पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे बसून दहा-वीस माणसांना जेवू घालणाऱ्या बाईच्या पदरी महिनाअखेर व्याजाचा भरणा तेवढा उरे. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि गिरणगावात कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना अल्प रकमेची कर्जे मिळवून दिली. बायका त्याच, चूल तीच, गिऱ्हाईक तेच. पण रोखीने माल घेता येऊ लागताच जे व्याज वाण्याच्या वहीत जात होते ते घरात राहू लागले. या बायकांना कोणी काटकसरीचे व्याख्यान दिले नव्हते. कमी पडत होते ते शहाणपण नव्हे, खेळते भांडवल.

स्त्रियांच्या पदरी काहीच दोष नाही असे म्हणणे खुशामतीचे होईल. संक्रांतीच्या वाणात शेजारणीवर कडी करण्याची हौस, लग्नात मानपानाच्या साड्यांचे ढीग, आणि हप्त्याने मिळते म्हणून घरात येणाऱ्या वस्तू, यांत आमच्या भगिनींचा हात मोठा आहे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून साध्या, कमी खर्चाच्या विवाहाचा प्रघात घालण्याचा यत्न केला. दीडशे वर्षांनंतर आपण मांडवाची कमान आणखी उंच केली आहे. मात्र ज्या घरात देणे किती हे दोघांनाही ठाऊक असते त्या घरात वाणाची भांडी आपोआप लहान होतात, असे आमचे निरीक्षण आहे.

सांप्रत एक नवीनच संकट उभे राहिले आहे. पूर्वी बाईला कर्ज कोणी देत नसे. आता बचतगट आणि लहान कर्जे देणाऱ्या कंपन्या यांच्यामुळे तिलाच कर्ज प्रथम मिळते, कारण ती हप्ता चुकवीत नाही. परिणामी कर्ज तिच्या नावे, पैसा नवऱ्याच्या हाती, आणि हप्त्याच्या दिवशी वसुलीवाला पुन्हा तिच्याच उंबऱ्यावर. बँकेतील खात्यांचीही तीच कथा. राज्य सरकारने २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये टाकण्यास आरंभ केला हे ठीक झाले; पण खाते तिचे आणि मोबाइलमधील गुप्त आकडा मुलाला किंवा नवऱ्याला ठाऊक, अशी स्थिती असेल तर पैसा कोणाचा हे निराळे सांगावयास नको.

कर्जाचा दर पारखण्याची विद्याही तिला शिकविली पाहिजे. बारा टक्क्यांनी १०,००० रुपये घेतले आणि ११,२०० रुपये बारा मासिक हप्त्यांत फेडले, तर कर्ज बारा टक्क्यांनीच मिळाले असे बहुतेकींना वाटते. पण सहा हप्ते भरल्यावर निम्मे मुद्दल परत गेलेले असते आणि व्याज मात्र पूर्ण १०,००० वर चालूच असते. खरा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली या लहान कर्जांसाठी जे नियम केले त्यांनुसार सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो हे सांगणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे सावकारी संस्थेवर बंधनकारक झाले, आणि घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या प्राप्तीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत अशी मर्यादाही घातली गेली. हे पत्रक मागून घेऊन वाचल्यावाचून सही करू नये.

दुकानाला चणचण भासली की प्रथम बायकोच्या बांगड्या सराफाकडे जातात. यात कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात ज्या मिताक्षरेला आपण प्रमाण मानीत आलो, ती ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका आहे, त्या स्मृतीने नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन परत न करण्यास चारच प्रसंग सांगितले आहेत: दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास. दुकानाचे भांडवल त्या यादीत नाही. सनातनी म्हणविणाऱ्या गृहस्थांनी स्मृतीतील हे वचनही पाळावे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की, स्त्रीधन सासरच्या ताब्यात असले तरी मालकी तिचीच, आणि ते बळकावणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. तेव्हा दागिने घ्यावयाचेच झाले तर तिला विचारून, तोळ्यांचा आकडा लिहून, तिच्या नावे जमा धरून घ्यावे. परक्या सावकाराला पावती देता, तर घरच्या सावकाराला का नको?

याहून अधिक काळजीची गोष्ट सहीची. बँकेचे कागद घरी येतात, फुली केलेल्या जागेवर बोट ठेवले जाते आणि बाई सही करते. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाने जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे त्या एका सहीने ती नवऱ्याच्या संपूर्ण कर्जाला बांधली जाते, आणि माहेरून मिळालेले शेत असले तर तेही गुंतते. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला; जी मिळकत मिळवून देण्यासाठी सुधारकांच्या पिढ्या झिजल्या ती न वाचलेल्या कागदावरील सहीने एका दुपारी जाऊ शकते.

व्यापाऱ्यांनी आणखी एक तजवीज ध्यानात ठेवावी. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याचे सहावे कलम १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, मुसलमान आदी समाजांनाही लागू झाले. त्या कलमाखाली नवऱ्याने स्वतःचा विमा बायकोच्या आणि मुलांच्या हितासाठी उतरविला तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते. दुकान बुडाले तरी, सावकारांना ठकविण्याच्या हेतूने विमा उतरविल्याचे शाबीत झाल्यावाचून, त्यांना तिला हात लावता येत नाही. फक्त तसा मजकूर विमा घेतानाच अर्जासोबत द्यावा लागतो, आणि विम्याचा कागद कोणत्या कपाटात ठेवला आहे हे बायकोला ठाऊक असावे लागते.