पुस्तकातला आकडा

यंदा आमच्या घरी दिवाळीची रोषणाई दसऱ्याआधीच झाली, तीही पांघरुणाखाली! आमची सुमी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्प घेतला तो एलईडी दिव्यांवरून प्लांकचा स्थिरांक काढण्याचा. १९०० साली प्लांकने मांडलेला हा आकडा आमच्या जेवणाच्या टेबलावर सापडायचा होता! विजेचा दाब हळूहळू वाढवायचा आणि दिवा प्रथम मिणमिणला की व्होल्ट टिपायचे. तांबडा दीड व्होल्टलाच जागा होई, निळ्याला सव्वादोन लागत. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा अधिक, एवढं मलाही कळलं.

उत्तर आलं ५.४. पुस्तकात ६.६३ (आधीची तेहेतीस शून्यं सोडून द्या). मैत्रीण म्हणाली, "व्होल्ट जरा वाढवून लिहू. कोण बघतंय?"

"बाबा, तुम्ही काय केलं असतं?" सुमीनं विचारलं.

आली का पंचाईत! कॉलेजात मी लंबकाला हातही न लावता ९८० वरून उलटं गणित करून वही भरली होती आणि दहापैकी नऊ मिळवले होते. सांगून टाकलं. सौ.चं लाटणं थांबलं. तीस वर्षांत त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

सुमी हसली नाही. तिनं ५.४ च लिहिला आणि कारण शोधत बसली. अंधाराला सरावलेला डोळा मिणमिण फार लवकर पकडतो, असा तिला संशय आहे. म्हणून आता डोळ्याऐवजी विद्युतप्रवाह मोजणं चाललंय. काल तर आकाशकंदिलाच्या माळेतला निळा दिवाच तिनं कापून नेला.